डोईचा पटका आणि बोलोन्याची देवळं

इटलीतल्या बोलोन्या गावी मी सहा दिवस होतो. तिथं दगड भिरकावला तर तो देवळावरच पडावा, इतकी देवळं. तरी पहिले पाच दिवस एकाही देवळात मी चार पावलांच्या पुढं गेलो नाही. सहाव्या दिवशी गेलो, आणि असा गेलो की अजून कुणी विचारलं, विलायतेत काय पाहिलंस, तर लंडनचं नाव आधी तोंडात येत नाही. बोलोन्याचंच येतं.

त्यांच्या देवळाला चर्च म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण ज्या ठिकाणी बायका दिवा लावतात, म्हातारे खांबाला टेकून डोळे मिटतात आणि दारात कुणीतरी काहीबाही विकत बसलेलं असतं, त्याला माझ्या तोंडून देऊळच निघतं. वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.

मी चौसाळ्याकडचा. आमच्या घराण्यात सही करणारा पहिला मी, बी. ए. झालेला पहिला मी आणि समुद्र ओलांडलेलाही पहिला मीच. हे मी मुद्दाम लिहितो. स्वतःच्या कष्टानं मिळवलेलं लपवायचं कावून? निजाम सरकारच्या वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, दोन वर्षं इंग्लंडात शेतकी शिकलो. परतताना हुकूम आला की इटलीत आपल्या अंबाडीसारखं एक पीक होतं, ते पाण्यात कसं कुजवतात आणि त्याचा वाख, म्हणजे दोराचा धागा, कसा काढतात ते पाहून यावं. अंबाडी म्हटल्यावर मला हसू आलं. आमच्या रानाच्या बांधावर ती माझ्या उंचीपेक्षा उंच वाढते, आणि तिचे दोर वळताना आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, मांडीचे केस झडून गेले आहेत. ती पाहायला सरकार मला इटलीला पाठवत होतं!

पण लंडन सोडायच्या आदल्या दिवशी मामाचं पत्र आलं आणि हसू गेलं. मामा बार्शीला कापूस घेऊन जात असतो. तिथल्या अडतीवरच्या कारकुनाकडून त्यानं ते लिहवून घेतलं होतं. गावात उंदीर पडले, गाव उठून रानात झोपड्यांत गेलं हाय. दाजींना, तुझ्या आबांना, ताप हाय आणि जांघेत गाठ आली हाय. तू काळजी करू नको, तब्येतीला जप.

काळजी करू नको! प्लेगाच्या गाठीचा निकाल चार-सहा दिवसांत लागतो हे आमच्याकडं पोरांनाही ठाऊक असतं. पत्राला यायला तीन आठवडे लागले होते. म्हणजे जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, एक मला सोडून. मी लंडनहून बार्शीच्या अडतीवर तार केली: आबा कसे आहेत ते बोलोन्याच्या तारघरात कळवा. बार्शीहून आमच्या गावाला माणूस जाणार, परत येणार, मग उलट तार. बोटांवर दिवस मोजले. शनिवारी संध्याकाळी मला बोलोन्याहून ब्रिंदिसी बंदराची गाडी धरायची होती. तोवर तार आली तर आली. नाही आली तर पुढं बोटीवर, पाण्याच्या मधोमध, कुणाला विचारणार?

सोमवार

स्टेशनावर मला उतरवून घ्यायला कार्लो नावाचा गृहस्थ आला होता. साठीचा, वाळका, मिशा तंबाखूनं पिवळ्या. वाखाच्या एका व्यापाऱ्याकडं मुकादम. तरुणपणी इंग्लंडात एका बंदरावर दोरखंडाच्या कारखान्यात पंधरा वर्षं होता, त्यामुळं इंग्रजी फाडफाड, पण दर दोन शब्दांमागं खलाशाची एक शिवी. त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या तांबड्या पटक्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "या डॉक्टर!"

मी म्हटलं, मी डॉक्टर नाही, बी. ए. आहे.

"कॉलेज पुरं केलंत ना? मग आमच्याकडं डॉक्टरच. वाद घालू नका, ट्रंक द्या इकडं."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. नंतर घरमालकीण, न्हावी, दूधवाला, सगळे मला डॉक्टर म्हणू लागले. मी पुन्हा कुणालाही दुरुस्त केलं नाही.

गाव पाहून पहिल्यांदा मनात आलं ते हे, की घराला ओसरी असते, इथं गावालाच ओसरी आहे. प्रत्येक रस्त्याच्या कडेनं कमानींची छपरं, कोसभर चालत जा, ऊन लागणार नाही की पाऊस. त्या ओसरीत बायका भाजी निवडतात, चांभार जोडा शिवतो, दोन म्हातारे भांडतात. घरात बसून करायचं सगळं रस्त्यावर, पण सावलीत. आमच्याकडं उन्हाळ्यात बीडच्या बाजारात जाऊन आलेल्यालाच या सोयीची किंमत कळावी.

गावाच्या मधोमध विटांचे दोन मनोरे आहेत. एक उंच, आपल्या दौलताबादच्या मनोऱ्याला खाली बघायला लावील असा. दुसरा ठेंगणा आणि इतका कललेला की त्याच्या बाजूनं जाताना मी नकळत वाट बदलली. कार्लोनं ते पाहिलं.

"घाबरू नका डॉक्टर. आठशे वर्षं झाली, पडतोच आहे. अजून त्याला सवड सापडली नाही."

तिथून मोठ्या चौकात आलो. पाण्याच्या हौदावर त्रिशूळ घेतलेला काळा उघडा देव उभा. त्रिशूळ बघून मी क्षणभर थबकलो, पण तो त्यांचा समुद्राचा जुना देव निघाला. आणि समोर सान पेत्रोनिओचं देऊळ. डोंगराएवढं. खाली दरवाजांपर्यंत पांढरा-तांबूस संगमरवर, कोरीव काम, आणि त्यावर एकदम उघड्या ओबडधोबड विटा. कमरेपर्यंत कपडे घालून माणूस घाईत बाहेर पडावा तसं.

"पाचशे वर्षांपूर्वी कामाला लागले," कार्लो म्हणाला. "दम खायला थांबलेत."

"आमच्याकडं काही तलाव असेच दम खातात," मी म्हटलं. आम्ही दोघंही खूप हसलो.

दारात मी सवयीनं वाकलो, बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट भिंतीशी नीट जोडून ठेवले आणि पायमोज्यांनी आत शिरलो. आत एवढा गारवा आणि एवढी उंची की मान मोडावी. चार पावलं टाकली असतील, तोच कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला एक बुटका म्हातारा आडवा आला. त्यानं माझ्या डोक्याकडं बोट केलं. मी माझ्या पायांकडं बोट केलं. त्यानं पुन्हा डोक्याकडं. मी पुन्हा पायांकडं, म्हटलं यानं पाहिलं नसेल.

"काय म्हणतोय हा?" मी कार्लोला विचारलं. कार्लोनं आपली गवती टोपी काढून केव्हाच काखेत मारली होती.

"म्हणतोय, पटका काढा."

"त्याला सांगा, मी पायातलं काढलंय."

"तो म्हणतो, पायातलं घाला, डोक्यावरचं काढा."

"देवापुढं जोडे घालून?"

"तो विचारतो, देवापुढं टोपी घालून?"

किल्लीवाले बाबा आणि मी, दोघंही एकमेकांकडं असे बघत राहिलो की याला आईबापांनी काही शिकवलं आहे की नाही.

गोष्ट एवढीच असती तर मी पटका काढलाही असता. ज्या गावचा देव त्या गावची रीत, एवढं मला कळतं. हात वरही गेला. पण तिथंच थांबला.

आमच्याकडं माणूस चारचौघांत बोडक्या डोक्यानं दिसला की लोक आवाज खाली करून विचारतात, घरात कोण गेलं? लेकाच्या डोईवरचं उतरलं म्हणजे बापच गेला असं धरून चालतात. बार्शीच्या ठेसनावर मला पोचवायला आबा आले होते, तेव्हा हा पटका त्यांनीच माझ्या डोक्याला बांधला होता. दातांत एक टोक धरून, मला गोल फिरवून, दोन लोकांना बाजूला व्हायला लावून. बांधून झाल्यावर म्हणाले, "सायबाच्या मुलखात जातूस. कुणापुढं बोडक्यानं उभा ऱ्हाऊ नको. मी हाय तवर तुला त्याचं कारण न्हाई."

मी हाय तवर.

मी शास्त्र शिकलेला माणूस आहे. बोलोन्यात मी डोक्यावरचं फडकं काढल्यानं चौसाळ्याच्या रानात कुणाचा ताप वाढत नाही, हे मी परीक्षेत लिहून पास होईन. पण हात काही पटक्याला लागेना. मी मागं फिरलो आणि बाहेर आलो.

बाहेर बूट नव्हते.

त्या घटकेला मला बुटांचं एवढं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. दारातल्या मेणबत्त्या विकणाऱ्या बाईनं हाक मारली आणि आपल्या मेजाखालून बूट काढून दिले. तिनं सांभाळून ठेवले होते. बूट देताना तिनं काहीतरी विचारलं. कार्लो जरा घुटमळला.

"ती विचारते, नवस कसला बोललात? आमच्याकडं अनवाणी देवळात येतो तो नवसाचा माणूस."

पायऱ्यांवर बसून नाड्या बांधता बांधता मी कार्लोला सगळं सांगितलं. तार, गाठ, पटका, सगळं. ऐकताना त्यानं एकही शिवी दिली नाही. मग उठून म्हणाला, "चला, तारघर दाखवतो. आणि मघाशी तुम्ही मला चुकून काका म्हणालात, त्याचा अर्थ काय?" मी अर्थ सांगितला. "बरा आहे," तो म्हणाला. "बापाच्या भावाला एवढी तसदी घ्यायला हरकत नाही."

तारघरात चष्मेवाला कारकून होता. त्यानं वहीत पाहिलं, मान हलवली.

मंगळवार, बुधवार: अंबाडीचा वास

दोन दिवस गावाबाहेर शेतांवर होतो. वाटेत पांढरे शुभ्र बैल पाहिले, आपल्या देवणीच्या दीडपट, शिंगं हातभर लांब, पण डोळे तसेच गरीब. मी एकाच्या कपाळावर हात ठेवला, तर त्यानं मान खाली घातली. कार्लोकाका म्हणाले, बैलांना भाषा लागत नाही.

आणि मग वाऱ्यावरून तो वास आला. कुजलेल्या अंबाडीचा. विलायतेतली माणसं तिथं नाकाला रुमाल लावतात. मी उभा राहून छाती भरून घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुठंतरी घरासारखा वास येत होता!

पीक निराळं, जात निराळी, पण काम तेच. चौकोनी डबक्यात पेंढ्या बुडवायच्या, वरून धोंडे ठेवायचे, आठ-दहा दिवसांनी साल सुटली की धुवायचं. गडी पाण्यात छातीपर्यंत उभे. मी काठावर वही घेऊन उभा होतो. एका जाड्या गड्यानं पाण्यातून हाक मारली आणि बाकीचे हसले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, डॉक्टर लोक वहीतच ओले होतात."

मी कोट काढला, विजार गुडघ्यावर घेतली आणि उतरलो काठच्या उथळ पाण्यात. एक काडी घेतली, बुडखा मोडला, अंगठ्यानं साल सोडवली आणि एका ओढीत शेंड्यापर्यंत अख्खी काढली. पटका डोईवर तसाच. मग जाड्यानं स्वतः करून पाहिलं, त्याची साल मध्येच तुटली. मग जो ओरडा झाला!

"कुणी शिकवलं?" कार्लोकाकांनी काठावरून विचारलं.

"बापानं," मी म्हटलं. आणि लगेच खाली वाकून उगाच दुसरी काडी शोधू लागलो.

दोन्ही संध्याकाळी तारघर. दोन्ही संध्याकाळी चष्म्याची मान आडवी.

जेवण घरमालकीणबाईंकडं, सिन्योरा एल्विरा त्यांचं नाव. विधवा, अकरा वर्षं काळेच कपडे. त्या कणीक आणि अंडी मळून, हातभर लांब लाटण्यानं एवढी पातळ पोळी लाटतात की तिच्यातून पलीकडची खिडकी दिसावी. मग गुंडाळी करून सुरीनं कापतात, की झाल्या शेवया. आमच्याकडं बाजेवर शेवया वाळत घालतात, इथं खुर्च्यांच्या पाठीवर. पण त्यावर घालतात मटणाचं पिठुळ कालवण, ज्यात तिखट म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी मी ट्रंकेतून येसराची पुरचुंडी काढली. आईनं निघताना बांधून दिलेला येसर होता, भाजलेल्या मसाल्याचा तांबडा पुडा. शिळा झाला होता, पण मेला नव्हता. चिमूटभर घातला आणि जेवलो. कार्लोकाकांनी हट्टानं चमचाभर घातला. मग ते उठून ओसरीत गेले, त्यांच्या शिंका चौकापर्यंत ऐकू गेल्या असतील. परत आले ते डोळे पुसत. "तुमच्या आईला सांगा," म्हणाले, "की प्लेग हे खाणाऱ्याच्या जवळ येणार नाही."

चेष्टाच होती, पण मी ती धरून झोपलो.

गुरुवार, शुक्रवार: दारातून पाहिलेले देव

लोक म्हणतील, मग पाच दिवस देवळं पाहिलीच नाहीत का? पाहिली. बाहेरून माणूस बरंच पाहू शकतो.

सान्तो स्तेफानो म्हणून एक आहे, त्याला सात देवळं म्हणतात. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पाठीला तिसरं. त्याचं मोठं सुख हे की मधे अंगण आहे, आणि अंगणात डोकं झाकलेलं चालतं. मधोमध दगडी कुंड, भोवती खांब. कार्लोकाका म्हणाले, यातले काही खांब कुण्या आधीच्या देवीच्या देवळातले आहेत, तिचं नावही आता कुणी घेत नाही. आमच्या मुलखातही एकाचे खांब दुसऱ्याच्या छपराखाली उभे असतात. खांबांना त्याचं काही वाटत नाही, ते उभे राहतात. मी एकाला टेकून तासभर बसलो. तेवढा एक तास तारेचा विचार आला नाही, हे उठल्यावर लक्षात आलं.

शुक्रवारी सिन्योरा एल्विरा म्हणाल्या, आज मी तुम्हांला आमच्या आईकडं नेते. भाषांतराला कार्लोकाका होतेच. गावाबाहेर टेकडीवर सान लुकाचं देऊळ आहे. गावापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत सलग कमानी, सहाशेवर आहेत म्हणे. ओसरी डोंगर चढून गेली आहे! वर काळसर चेहऱ्याची माता, लेकरू कडेवर, भोवती चांदीचा पत्रा. एकदा पाऊस थांबेना, पिकं कुजायला लागली, तेव्हा तिला पालखीसारखी वाजतगाजत गावात आणली आणि पाऊस थांबला. तेव्हापासून दरसाल तिला खाली आणतात. आमच्याकडं पोरं अंगाला कडूलिंबाचा पाला बांधून दारोदार पाणी मागत फिरतात ते पाऊस पडावा म्हणून. मी हे सांगितलं तर बाई म्हणाल्या, "पाऊस पडावा म्हणून? देवा!" त्यांना तो मुलूख डोळ्यांपुढं आणता आला नाही.

दारात मी थांबलो. बाईंनी माझ्या पटक्याकडं पाहिलं. कार्लोकाकांनी त्यांना सांगितलेलं दिसत होतं, कारण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाल्या, "तुमच्या वडलांचं नाव काय?" मी सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा घोकून घेतलं, तरी शेवटी ते भलतंच काहीतरी झालं, आणि ते नाव पुटपुटत त्या आत गेल्या. मी बाहेर कठड्यावर बसलो. खाली सगळं तांबडं गाव, दोन मनोरे, एक सरळ, एक अजून पडतो आहे. आत एक परकी बाई, काळ्या कपड्यांतली, माझ्या बापाचं मोडकं नाव त्यांच्या देवीच्या कानात घालत होती. मी बाहेर बसून मराठीत तेच केलं.

संध्याकाळी चष्म्याची मान आडवी.

शनिवार

सकाळी ट्रंक बांधली. नऊला तारघर, नाही. दहाला गेलो, नाही. कार्लोकाका म्हणाले, "चला कॉफी घेऊ. उकळतं पाणी बघत बसलं की ते उकळत नाही." मी म्हटलं, मला हे तत्त्वज्ञान आज नको. मी उगाच तोडून बोललो होतो, आणि माफीही मागितली नाही. माणूस शिकला म्हणून फार काही सुधारत नाही.

साडेअकराला पुन्हा गेलो. चष्मेवाला कारकून उभा होता. त्याच्या हातात कागद होता आणि चेहरा चिंतेत.

माझे पाय दारातच थांबले. कार्लोकाका पुढं गेले. दोघांचं काहीतरी बोलणं झालं.

"काय म्हणतो?" मी दारातूनच विचारलं.

"म्हणतो, तारेत एक शब्द चुकलेला आहे. कुठल्याच भाषेत बसत नाही. परत मागवू का?"

मी कागद ओढून घेतला. इंग्रजी अक्षरं. मामानं नाहीतर अडतीच्या कारकुनानं पाठवलेली, तीन शब्दांची.

फादर ईटिंग भाकरी.

मी तो कागद तीनदा वाचला. मग बाकावर बसलो. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण कार्लोकाका नंतर म्हणाले की मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि तारघरातली सगळी रांग मागं वळून बघत होती.

"चुकलेला नाही," मी म्हटलं. "एकही शब्द चुकलेला नाही."

"पण भाकरी म्हणजे काय?" कारकुनाचं समाधान होईना.

मी त्याला समजावलं. ज्वारीचं पीठ, हातावर थापतात, तव्यावर टाकतात, विस्तवावर फुगवतात. आजारी माणूस पेज पितो. पेज पचली तर मऊ भात. गाठ फुटून ताप उतरला आणि माणसानं स्वतः भाकर मागितली, की आमच्याकडं बायका चुलीपुढं रडतात, कारण तो वाचला. सगळं पत्रभर लिहून जे कळलं नसतं ते मामानं एका शब्दात घातलं होतं. कार्लोकाका भराभर भाषांतर करत होते. कारकुनानं चष्मा काढून पुसला, आणि आपल्या वहीच्या कोपऱ्यात तो शब्द लिहून घेतला. पुन्हा कधी आला तर कामाला येईल म्हणून असावा.

मी सरळ चौकाकडं चालू लागलो. कार्लोकाका मागून ओरडले, "गाडी संध्याकाळची आहे, पळताय कुठं?"

सान पेत्रोनिओच्या दारात पोचलो. मेणबत्तीवाली बाई बसली होती. मी सवयीनं नाड्यांकडं वाकलो, मग आठवलं, मग म्हटलं असू दे. बूट काढलेच. तिच्या मेजाखाली ठेवले. आणि उंबऱ्यावर उभा राहून दोन्ही हातांनी पटका डोक्यावरून उचलला.

डोक्याला गार हवा लागली. आबा आहेत, आणि मी बोडका उभा आहे, आणि काही बिघडलं नाही.

किल्लीवाले बाबा आतून आले. त्यांनी माझे पाय पाहिले, डोकं पाहिलं, कार्लोकाकांकडं पाहिलं. काका धापा टाकत त्यांना गाठीचं, तारेचं थोडक्यात म्हणाले. बाबांचा चेहराच बदलला. मी पटका दोन्ही हातांत धरून उभा होतो. खाली ठेवायचा नाही, आणि हात तर जोडायचे होते. बाबांना ते कसं कळलं कोण जाणे. त्यांनी एक वेताची खुर्ची आणली, आपल्या बाहीनं बसायची जागा पुसली आणि माझ्या हातातला पटका दोन्ही हातांनी घेऊन तिच्यावर ठेवला. एक जाडी बाई त्या खुर्चीवर बसायला आली, तर तिला असं खेकसले की ती तीन खांब लांब जाऊन बसली.

मग मला बाजूच्या एका कोनाड्यातल्या देवाकडं घेऊन गेले. चित्रात एक वाटसरू, वर बघणारा, शेजारी कुत्रं, मांडी उघडी. बाबांनी स्वतःच्या जांघेवर हात ठेवून दाखवलं. मला कुणी सांगायची गरज नव्हती. प्लेगाचा देव. आमच्याकडं मरीआईला कोंबडं देतात. इथं त्यांनी देवालाच गाठ दिली आहे. त्याला स्वतःला झालेली, म्हणजे त्याला सांगत बसायला नको. मी हात जोडले. आई म्हणते तसं म्हटलं, की देवा, ओळख नसताना काम केलंस.

एकदम बाबांनी माझी बाही धरली आणि जवळजवळ ओढतच नेलं. फरशीवर लांबच लांब पितळेची पट्टी बसवलेली आहे, देवळाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडं तिरपी गेलेली. वर छताला एक भोक. त्यातून उन्हाचा एक लंबगोल ठिपका फरशीवर पडला होता आणि मुंगीच्या पावलानं पट्टीकडं सरकत होता. पाच-सहा माणसं घड्याळं हातात घेऊन उभी. ठिपका पट्टीवर आला, बरोबर मधे बसला, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. तिथली दुपार झाली.

मी मनात हिशेब केला. आमच्याकडं तेव्हा दिवस कलला असणार. आबा झोपडीबाहेर बाभळीच्या सावलीत आले असतील. याच सुर्व्याकडं पाठ करून.

उचलताना सैल झालेला पटका निघताना नव्यानं बांधायचा होता. नऊ हात कापड, खोलीत दाराच्या कडीला टोक बांधून एकट्याला जमतं, इथं नाही, आणि खाली टेकू द्यायचं नाही. देवळाच्या पायऱ्यांवर एक टोक कार्लोकाकांनी धरलं, मधला भाग किल्लीवाल्या बाबांनी, आणि मी गोल गोल फिरत गुंडाळत गेलो. चौकातले लोक जमले. बाबा दर वळशाला ओरडून काहीतरी सूचना देत होते. ते काय म्हणतात विचारलं तर काका म्हणाले, "म्हणतो, घट्ट बांधा, समुद्रावर वारा असतो." मेणबत्तीवाल्या बाईनं बूट दिले आणि हसून दोनच शब्द बोलली. त्यांचं भाषांतर मला लागलं नाही. नवस फिटला.

स्टेशनावर मी कार्लोकाकांची सकाळच्या बोलण्याची माफी मागितली. मी दोन वर्षांत ऐकली नव्हती अशी शिवी त्यांनी दिली आणि मिठी मारली.

रानातली झोपडी

मी घरी पोचलो तेव्हा गाव अजून रानातच होतं. आबा झोपडीपुढं घोंगडीवर बसले होते, निम्मे झालेले, पण बसलेले. आई आत भाकरी थापत होती, तिचा थापेचा आवाज थांबून थांबून येत होता, म्हणजे ती ऐकत होती. मी सगळं सांगितलं. कललेला मनोरा, बैल, अंबाडी. अंबाडीला आबा म्हणाले, "साल तुटली व्हय त्या गड्याची? मग!" आणि मिशीतल्या मिशीत हसले.

मग मी पटक्याचं सांगितलं. लपवायचं नव्हतं.

आत थाप थांबली.

"काढलास?"

"काढला."

"कवा? तार यायच्या आदी, का मागून?"

"मागून. मीच काढला, कुणी सांगितलं म्हणून न्हाई."

"ठिवलास कुठं?"

"खुर्चीवर."

"भुईवर न्हाई ना ठिवला?"

"न्हाई आबा. त्या किल्लीवाल्या बाबानं आधी बाहीनं खुर्ची पुसली, मग सोताच्या हातानं ठिवला."

आबांनी मान डोलावली. झोपडीच्या कुडाकडं बघत काहीतरी ठरवल्यासारखं केलं.

"मानूस देवाचा हाय," ते म्हणाले. आणि आत बघून ओरडले, "अगं, थांबलीस कावून? वाढ की. लेकरू उपाशी हाय, आन् मीबी."